एका यंत्राची अनेक घरे



या सदरासाठी येणाऱ्या पत्रांत एक प्रश्न वेगवेगळ्या रूपांत पुन्हा पुन्हा असतो. वस्तू मोडली आहे, दुरुस्त करणारा मिळत नाही, फेकायला हात धजत नाही. मग तिचे करायचे काय? कुणाकडे सासूबाईंचे शिलाई मशीन असते, कुणाकडे वालिदांचा व्हॉल्व्हचा रेडिओ, कुणाकडे बंद पडलेले भिंतीवरचे घड्याळ. बहुतेक घरांत अशी वस्तू माळ्यावर जाते, दहा वर्षे धूळ खाते आणि घराला रंग काढायच्या वेळी किलोच्या भावाने भंगारात निघते.

माळा आणि भंगार यांच्या मध्ये तिसरी एक वाट आहे. वस्तू अख्खी वाचत नसेल तर तिचे भाग वाचवायचे, आणि ज्याला जो भाग हवा आहे त्याच्या हाती तो पोहोचवायचा. ऐकायला हे सोपे वाटते. प्रत्यक्षात त्याला वेळ लागतो, शिस्त लागते आणि नियत तपासून पाहावी लागते. गेल्या वर्षभरात आम्ही नवरा-बायकोने ही वाट एका यंत्राच्या बाबतीत शेवटपर्यंत चालून पाहिली. ते यंत्र तुमच्यापैकी फारच थोड्यांनी पाहिले असेल, पण त्यातून जे समजले ते शिलाई मशीनलाही लागू पडते.

तळघरातले बिऱ्हाड

शिकागोजवळच्या उपनगरात आम्ही घर घेतले तेव्हा त्याच्या तळघरात पिनबॉलचे एक यंत्र उभे होते. आधीच्या मालकांचे वय झाले होते, यंत्राचे वजन शंभर किलोच्या वर, जिना अरुंद. त्यांनी ते तिथेच सोडले.

पिनबॉल म्हणजे चार लोखंडी पायांवर उभी असलेली, शाळेच्या बाकाएवढी लांब लाकडी पेटी. वर काच, आत रंगवलेली फळी, आणि ती फळी खेळणाऱ्याच्या बाजूला उतरती. स्प्रिंगचा दांडा ओढून सोडला की २७ मिलिमीटर व्यासाची, ८० ग्रॅम वजनाची पोलादी गोळी वर उडते आणि घरंगळत खाली येऊ लागते. वाटेत रबराचे पट्टे असतात, गोळीला धक्का मारणारे गोल खांब असतात, निशाणे असतात. गोळी जिथे आपटेल त्याप्रमाणे गुण मिळतात. तळाशी दोन आखूड फळ्या असतात, त्यांना फ्लिपर म्हणतात. पेटीच्या दोन्ही कडांची बटणे दाबली की फ्लिपर उसळतात आणि गोळी परत वर जाते. ती दोन फ्लिपरच्या मधून निसटली की गेली. पेटी जोरात हलवून गोळी वळवता येऊ नये म्हणून आत गवंड्याच्या ओळंब्यासारखे एक वजन धातूच्या कड्यात लटकत असते. धक्का जास्त बसला की ते कड्याला टेकते आणि डाव बाद होतो.

शिकागो हे या खेळाचे माहेरघर. १९३१ मध्ये गॉटलीब कंपनीचा ‘बॅफल बॉल’ इथूनच देशभर गेला. १९३२ मध्ये ‘बॅलीहू’ नावाचा खेळ निघाला आणि त्याच्या नावावरून बॅली कंपनीचे नाव पडले. पुढे विल्यम्स आणि स्टर्न याही कंपन्या याच शहरातल्या. आमच्या तळघरातले यंत्र बॅलीचे, १९७७ सालचे, नाव ‘एट बॉल’. पूल या खेळावर ते बेतलेले आहे. त्या मॉडेलची २०,२३० यंत्रे बनली. १९९२ मध्ये ‘अॅडम्स फॅमिली’ या यंत्राने २०,२७० चा आकडा गाठेपर्यंत हा मोठा विक्रम मानला जाई. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे त्याचे काम आहे.

एका पावसाळी रात्री तळघरातले पाणी उपसणारा पंप बंद पडला. सकाळपर्यंत घोट्याच्या वर पाणी साचले होते. यंत्राचे पाय लोखंडी असल्यामुळे पेटी उंचावर होती, तरी त्याच्या पायथ्याशी ठेवलेली खोकी भिजली आणि ती ओल कित्येक दिवस तळघरात कोंडून राहिली. पेटीचे प्लायवूड थरांतून सुटू लागले. आतली खेळाची फळी फुगली, तिच्यावरचा रंग पापुद्र्यांनी उठला. दुरुस्तीवाल्याला बोलावून दाखवले. तो म्हणाला की पेटी आणि फळी दोन्ही गेल्या आहेत, आणि या दोन्ही नव्याने करायच्या तर त्या खर्चात चांगले चालू यंत्र येईल. मग तो दिवा धरून आत वाकला आणि म्हणाला, “पण आतला बराच माल जिवंत आहे.”

आधी दोन प्रश्न

खोलायला घेण्यापूर्वी दोन प्रश्न निकालात काढणे आम्हाला गरजेचे वाटले.

पहिला प्रश्न मालकीचा. कायद्याने घरासोबत आलेली वस्तू आमचीच. पण ज्या घरात चाळीस वर्षे ती उभी होती त्या माणसांना न विचारता तिचे तुकडे करणे आम्हाला बरे वाटेना. वृद्ध मालकांची मुलगी दुसऱ्या राज्यात राहते, तिला फोन केला. यंत्र मोडावे लागणार हे ऐकून ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “खेळाच्या सूचना लिहिलेलं एक कार्ड काचेखाली, खालच्या बाजूला आहे. त्याच्या मागे माझ्या भावाने आमचे सगळ्यांचे गुण लिहिलेत. तेवढं मिळालं तर बघा.” आम्ही कार्ड काढून उलटे केले. पेन्सिलने लिहिलेली नावे आणि आकडे होते, काही खोडून पुन्हा लिहिलेले. यंत्रातला सर्वांत पहिला भाग जो आपल्या घरी गेला तो हा: तळहाताएवढे, बाजारात काहीच किंमत नसलेले एक कार्ड.

दुसरा प्रश्न रत्नागिरीहून आला. अब्बांना फोनवर सगळे सांगितले तेव्हा त्यांनी विचारले, “ते जुगाराचं यंत्र तर नाही ना? त्याचे पैसे घरात घ्यायचे म्हणजे जरा विचार करा.” प्रश्न रास्त होता, कारण पिनबॉलचा इतिहास त्या बाबतीत स्वच्छ नाही. १९३० च्या दशकात या यंत्रांना फ्लिपर नव्हते. गोळी सोडली की पुढे सगळे नशिबावर, आणि काही यंत्रे जिंकणाऱ्याला पैसे देत. न्यूयॉर्कचे महापौर फिओरेलो ला गार्डिया यांनी १९४२ मध्ये शहरात त्यावर बंदी आणली. पोलिसांनी यंत्रे घणाने फोडली. फ्लिपर आले ते १९४७ मध्ये, गॉटलीबच्या ‘हम्प्टी डम्प्टी’ या यंत्रात, आणि तिथून खेळ नशिबाकडून हाताच्या कसबाकडे सरकला. १९७४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने हा मुख्यतः कौशल्याचा खेळ असल्याचे मानले. १९७६ मध्ये न्यूयॉर्कच्या नगरसभेपुढे रॉजर शार्प या तरुणाने प्रत्यक्ष खेळून दाखवले, गोळी कुठे जाणार हे आधी सांगून ती तिथे पाठवली, आणि बंदी उठली.

आमचे यंत्र त्यानंतरचे. ते पैसे देत नाही, गुण जास्त झाले तर एक डाव फुकट देते. हे सगळे अब्बांना सांगितले. मशिदीतल्या आलिमसाहेबांनाही विचारले. सुटे भाग दुरुस्तीसाठी विकण्यात त्यांना हरकत दिसली नाही. ज्यांना अशा कुठल्या वस्तूबाबत शंका असेल त्यांनी आपल्या विश्वासातल्या जाणकारांना विचारून मगच पाऊल उचलावे. आमचा अनुभव असा की शंका घेऊन सुरू केलेले काम मध्येच अडते.

घड्याळजीची शिस्त

अब्बांनी पन्नास वर्षे घड्याळे दुरुस्त केली. त्यांच्या दुकानात मेलेल्या घड्याळांची एक पेटी होती. एचएमटीचे ‘जनता’ कुणी दुरुस्तीपलीकडचे आणले तर ते त्याच्याकडून रीतसर विकत घेत आणि सुट्या भागांसाठी ठेवत. २०१६ मध्ये केंद्र सरकारने एचएमटी वॉचेस ही कंपनी बंद करण्याचा निर्णय घेतला. त्यानंतर तर चालणाऱ्या ‘जनता’ला भाग मिळायचा तो न चालणाऱ्या ‘जनता’तूनच. पिनबॉलचेही तसेच आहे. बॅलीने आपला पिनबॉलचा व्यवसाय १९८८ मध्ये विल्यम्सला विकला, आणि विल्यम्सने १९९९ मध्ये ही यंत्रे बनवणे थांबवले. रबर, दिवे, कॉइल असे काही भाग आज नव्याने बनतात. पण खास एका मॉडेलचा मूळ भाग हवा असेल तर दुसरे यंत्र मोडल्याशिवाय तो सहसा मिळत नाही.

खोलण्याची रीत अब्बांनीच फोनवरून सांगितली.

“आधी फोटो काढा. आमच्या वेळी फोटो नव्हते, सगळं डोक्यात ठेवायला लागायचं. आणि स्क्रू डबीत गोळा करायचे नाहीत. ज्या भोकातून काढला त्याच भोकात दोन आटे लावून ठेवायचा. म्हणजे घेणाऱ्याला भाग मिळतो आणि त्याचा स्क्रूही मिळतो.”

“अब्बा, हजारो भाग आहेत यात.”

“मग हजार वेळा करा. घाई कसली आहे? ते काय पळून जातंय?”

आम्ही तसेच केले. प्रत्येक भागावर कागदी चिकटपट्टी, तिच्यावर नाव, जागा आणि स्थिती: चांगला, शंका आहे, खराब. तारा तोडल्या नाहीत. जिथे डाख होता तिथे तो गरम करून तारेचे टोक सोडवले आणि कुठल्या रंगाची तार कुठे होती ते लिहून ठेवले. एक सावधगिरी इथे सांगायलाच हवी. या यंत्रात आकडे दाखवणाऱ्या काचेच्या पट्ट्यांना सुमारे १९० व्होल्टचा दाब लागतो, आणि वीज बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये तो काही काळ टिकून राहतो. प्लग काढून, मधे पुरेसा वेळ जाऊ देऊन, मीटरने तपासूनच हात घातला. जुना टीव्ही किंवा इन्व्हर्टर खोलणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावे. माहीतगार माणूस जवळ नसेल तर विजेचा भाग खोलूच नये.

कोण कुठे गेला

गिऱ्हाईक कुठून आणायचे, हा पुढचा प्रश्न. आपल्याकडे मुंबईत मटण स्ट्रीटवर चोर बाजार आहे. तिथे ग्रामोफोनचा एखादा भाग हवा असला तर कुठल्या दुकानात विचारायचे हे जाणणारी माणसे आहेत. इथे तसा रस्ता नाही, पण शिकागो परिसरात १९८५ पासून पिनबॉल शौकिनांचा एक मेळावा, ‘पिनबॉल एक्स्पो’, दरवर्षी भरतो. तिथे सुट्या भागांची विक्रीही होते. आम्ही माल न नेता फक्त यादी आणि फोटो घेऊन गेलो. ज्याला जे हवे त्याचे नाव त्या भागासमोर लिहून घेतले. तो दुरुस्तीवालाही आपल्या गिऱ्हाइकांना आमचा पत्ता देत राहिला.

इथे तो २०,२३० चा आकडा कामाला आला. ज्या वस्तूचे हजारो भाऊबंद जगात आहेत, तिच्या भागांना घर मिळण्याची शक्यता जास्त असते. शिवाय बॅलीने १९७७ पासून पुढची काही वर्षे बहुतेक यंत्रांत जवळजवळ तोच सर्किट बोर्डांचा संच वापरला. खेळानुसार मुख्यतः प्रोग्रॅमच्या चिप बदलायच्या. त्यामुळे ‘एट बॉल’चा बोर्ड दुसऱ्याच नावाच्या यंत्राला जीव देऊ शकतो.

चारही पाय आणि त्यांचे बोल्ट एका तरुणाने नेले. त्याचे यंत्र दुसऱ्या कंपनीचे होते, पण पायांची रचना जवळपास सारखीच असते. वरची काच २१ इंच बाय ४३ इंच या नेहमीच्या मापाची. ती शेजारच्या गावातल्या एका जोडप्याने नेली, त्यांच्या मुलाच्या हातून त्यांची फुटली होती. नाणे टाकायचा लोखंडी दरवाजा, समोरची पट्टी, स्प्रिंगचा दांडा हे सगळे महिन्याभरात गेले.

कॉइल म्हणजे प्लास्टिकच्या रिळावर गुंडाळलेली तांब्याची तार. वीज आली की आतला लोखंडी दट्ट्या खेचला जातो आणि फ्लिपर उसळतो. प्रत्येक कॉइलवर क्रमांक छापलेला असतो, तो वाचता येत असेल तर भाग विकला जातो. वाचता येत नसेल तर कुणी घेत नाही. तीन कॉइलवरचा कागद जळून गेला होता. त्या आम्ही मुलांच्या शाळेतल्या विज्ञानाच्या शिक्षिकेला दिल्या. विद्युतचुंबक शिकवताना आता त्या बॅटरीला कॉइल जोडतात, आणि दट्ट्या आत ओढला जातो तेव्हा, आमची मुलगी सांगते, मागच्या बाकावरची मुलेसुद्धा उठून पुढे येतात.

त्या काळच्या यंत्रात आवाजासाठी स्पीकर नव्हता, धातूच्या पट्ट्यांवर ठोका देणारी घंट्यांची पेटी होती. ती एका संगीतशिक्षकाने मागितली. आमच्या मनात आधी आले की हा भाग दुसऱ्या यंत्रातच जायला हवा. तीन महिने थांबलो, कुणाही यंत्रवाल्याने विचारले नाही. मग ती त्यांना दिली. भागाचे घर आपण ठरवून ठेवतो तेच असायला हवे असे नाही. मात्र काही दिवस वाट पाहणे, हक्काच्या घराला संधी देणे, हे आपले काम आहे.

काचेचे दोन गिऱ्हाईक

सर्वांत मोलाचा भाग मागची काच. यंत्राच्या डोक्यावर उभी असलेली ही चित्रित काच, तिच्यामागे दिवे. रंग काचेच्या मागच्या बाजूने छापलेला असतो आणि ओल लागली की तो पापुद्र्यांनी सुटतो. आमची काच उंचावर असल्याने बचावली होती, फक्त एका कोपऱ्यात रंग गेला होता. रंगाच्या बाजूला पाणी, साबण, चिकटपट्टी काहीही लावायचे नाही, हे आम्हाला बजावून सांगण्यात आले होते. कोरड्या मऊ ब्रशने धूळ झटकायची, बस्स.

तिला दोघांनी मागितले. एक हॉटेलमालक. त्याला भिंतीवर दिवे लावून ती टांगायची होती. दुसरा कारखान्यातून निवृत्त झालेला माणूस. त्याच्याकडे ‘एट बॉल’ अख्खे होते, त्याने ते दोन वर्षे खपून चालू केले होते, पण काच तडकलेली. हॉटेलमालक दुप्पट रक्कम देत होता.

आमच्या दोघांत यावर दोन रात्री बोलणे झाले. एकाचे म्हणणे असे, की वस्तू आपली आहे, विकणे हलाल आहे, जो जास्त देतो त्याला द्यावी. नवा पंप बसवल्याचे बिल अजून फ्रिजवर लटकते आहे. दुसऱ्याचे म्हणणे असे, की आपण यंत्र मोडायला घेतले ते त्याचे भाग पुन्हा कामाला लागावेत म्हणून. भिंतीवर टांगलेली काच दिसते, पण कामाला लागत नाही. ती त्या यंत्रात गेली तर एक यंत्र पुरे होईल. दोन्ही म्हणण्यांत वजन होते. पंपाचे बिल काही भावनेने फिटत नाही.

शेवटी तोडगा असा निघाला. हॉटेलमालकाला आम्ही फुगलेल्या खेळाच्या फळीचे फोटो दाखवले. ती कुठल्याच यंत्रात जाणार नव्हती. पण वरचा अर्धा भाग, चित्र आणि रंगीत प्लास्टिकसह, भिंतीवर शोभण्यासारखा होता. त्याने ती घेतली, काचेला देणार होता त्याच्या निम्म्या किमतीत. काच त्या निवृत्त माणसाकडे गेली. दोन्ही मिळून पंपाच्या बिलाला थोडे कमी पडले, ते आम्ही घातले. काच पाठवण्याच्या भानगडीत पडलो नाही. दोन्ही बाजूंना फोम आणि प्लायवूड लावून, गाडीत उभी ठेवून स्वतः नेऊन दिली. त्याने ती बसवली, दिवे लावले आणि पहिला डाव आमच्या मुलांना खेळायला दिला.

खोट सांगणे

आता या कामातला सगळ्यांत नाजूक भाग. त्या काळच्या बॅलीच्या मुख्य बोर्डावर निकेल-कॅडमियमची छोटी बॅटरी असते. गुण आणि हिशेब लक्षात राहावेत म्हणून ती लागते. ती म्हातारी झाली की गळते, आणि त्यातले अल्कलीयुक्त द्रव्य बोर्डावरच्या तांब्याच्या रेषा आणि चिपच्या बैठका खात जाते. आमच्या बोर्डावर तेच झाले होते. बॅटरी काढली, पांढऱ्या व्हिनेगरने हिरवट बुरशीसारखा थर मारला, पाण्याने आणि मग अल्कोहोलने धुऊन वाळवला. वरून पाहिले तर बोर्ड स्वच्छ, जवळजवळ नवा दिसत होता. पण चिपच्या बैठकांखाली काय उरले आहे ते डोळ्यांना दिसत नाही, आणि तिथली कीड थांबतेच असे नाही.

मेळाव्यात एकाने फोटो पाहिला आणि लगेच चालू बोर्डाची किंमत सांगितली. त्याने बॅटरीबद्दल विचारले नाही. न विचारलेले सांगायचे की नाही, हा प्रश्न दुकानदारीत रोजचा आहे. बाजारात ‘पाहून घ्या, मग बोलू नका’ असे म्हणून हात झटकता येतात. आम्ही त्याला गळतीचे आधीचे फोटोही दाखवले. त्याने मान हलवली, हात मिळवला आणि पुढच्या टेबलाकडे गेला. त्या संध्याकाळी घरी येताना गाडीत आम्ही फारसे बोललो नाही. तेवढी रक्कम हातची गेली होती.

बोर्ड पुढे दोन महिने कपाटात होता. मग दुरुस्तीवाल्याच्या ओळखीचे एक गृहस्थ आले. त्यांनी सगळी उमर टेलिफोन कंपनीत काम केले होते. त्यांनी आधीचे फोटो, नंतरचे फोटो, बोर्डाची मागची बाजू हे सगळे पाहिले आणि म्हणाले, “हा चालेल की नाही सांगता येत नाही. पण काय काय बदलायचं हे मला आता नेमकं कळतंय, कारण तुम्ही काही लपवलेलं नाही.” त्यांनी तो अगदी थोड्या पैशांत नेला. थंडीच्या शेवटी त्यांचा फोन आला. या बोर्डावर एक लहान लाल दिवा असतो. यंत्र चालू केले की बोर्ड स्वतःची तपासणी करतो आणि एकेक टप्पा पार पडला की तो दिवा लुकलुकतो. सात वेळा लुकलुकला की तपासणी पूर्ण. फोनवर त्यांनी एवढेच सांगितले: “सात.”

त्यांच्या यंत्राचे नाव ‘एट बॉल’ नाही. ते दुसरेच एक यंत्र आहे, त्यांच्या भावाचे, अनेक वर्षे बंद पडलेले.

जे उरले

सगळ्याला घर मिळत नाही, हेही मान्य करायला हवे. वर्षाच्या शेवटी आमच्याकडे फुगलेली पेटी, गंजलेले पत्रे, क्रमांक नसलेल्या तारांचे भेंडोळे आणि वितळलेले रबर उरले. तांबे आणि लोखंड वेगळे करून भंगारात दिले. बॅटरी कचऱ्यात टाकली नाही. कॅडमियम विषारी आहे, त्यामुळे ती गावच्या घातक कचरा केंद्रावर नेऊन दिली. लाकूड फेकले. त्याला आम्ही इसराफ म्हणत नाही. जे कुणाच्याच कामाचे नाही ते जागेवरून हलवणे हीसुद्धा घराची सफाईच आहे.

तुमच्या घरातल्या वस्तूसाठी

तुमच्या माळ्यावरच्या वस्तूकडे आता वळू. आम्ही वापरलेली रीत थोडक्यात अशी.

वस्तू अख्खी वाचते का, हे आधी जाणकाराला विचारा. वाचत असेल तर मोडू नका. चांगले यंत्र सुट्या भागांसाठी फोडणे हे नुकसानच आहे.

त्या वस्तूशी ज्यांचा जीव जडला होता त्यांना कळवा. त्यांना हवा असलेला भाग बहुधा बाजारात बिनकिमतीचा असतो. तो आधी द्या.

कंपनीचे नाव, मॉडेल, क्रमांक लिहून घ्या. नाव नसलेला भाग आंधळ्या चिठ्ठीसारखा, कुठे पोहोचायचे तेच त्याला ठाऊक नसते. शिलाई मशीनच्या बाबतीत पायाखालचे चाक, पट्ट्याचे माप, शटलचा प्रकार एवढे नोंदवले तरी तुमच्या तालुक्याचा मशीनवाला तुम्हाला गिऱ्हाईक आणून देईल.

तीन ढीग करा: विकायचे, द्यायचे, भंगार. दर पंधरा दिवसांनी दुसऱ्या ढिगाकडे पुन्हा पाहा. विकायच्या ढिगातले काही तिकडे सरकवावेसे वाटेल. सरकवा.

खोट असेल तर न विचारता सांगा, आणि शक्य असेल तर लिहून द्या. भाग पुढे तिसऱ्या, चौथ्या हाताला जातो, तेव्हा तुम्ही तिथे सांगायला नसता.

आणि मुलांना या कामात बसवा. आमचा धाकटा आता कुठलीही वस्तू उघडताना स्क्रू त्याच भोकात दोन आटे लावून ठेवतो. ही गोष्ट त्याला त्याच्या आजोबांनी सात समुद्रांपलीकडून, फोनवर शिकवली.

तुमच्या घरात अशी कुठली वस्तू आहे, तिचे काय केलेत किंवा काय करायचे मनात आहे, हे आम्हाला जरूर कळवा. मॉडेल आणि क्रमांक लिहायला विसरू नका. कदाचित दुसऱ्या एखाद्या वाचकाच्या माळ्यावर तिचा भाऊबंद पडलेला असेल. पुढच्या अंकात, इन्शाअल्लाह, ओल लागलेली पुस्तके आणि जुनी कागदपत्रे कशी वाळवायची आणि जपायची यावर बोलू. दुआमध्ये आठवण ठेवा.